खूण कोणाच्या हातची, हे आधी पाहावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाद्यवृंदाच्या जुन्या व्हायोलिन-पानांवरील अनोळखी खुणांविषयी आलेला लेख आणि त्याशेजारची खुणांची चौकट मी दोनदा वाचली. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान दिले याचे कौतुक वाटते, आणि लेखकांनी मेहनत घेतली आहे हेही दिसते. तरीही त्या चौकटीबद्दल लिहिणे भाग आहे. टिंब म्हणजे तुटक, उभी पाचर म्हणजे अतितुटक, नागमोडी रेघ म्हणजे डाव्या हाताच्या बोटाचा कंप, असे अर्थ तिथे पाढ्यासारखे मांडले आहेत. गेल्या शंभर वर्षांत छापलेल्या संगीतापुरते ते बहुतांशी चालतील. लेखाचा विषय मात्र अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील पाने हा होता, आणि त्या पानांसमोर हीच चौकट घेऊन बसलेला वादक पहिल्याच ओळीत फसेल.

मी मुंबईतील एका हौशी वाद्यवृंदात सुमारे तीस वर्षे दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत वाजवले. त्यातली बरीच वर्षे पार्ट, म्हणजे एकेका वाद्याची सुटी पाने, सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. म्हणजे प्रत्येक स्टँडवरची पाने गोळा करणे, फाटलेली चिकटवणे आणि एका स्टँडवरच्या खुणा दुसऱ्या स्टँडवरच्या खुणांशी जुळवून ठेवणे. हे काम कारकुनी असले तरी त्यात एक गोष्ट शिकायला मिळते. खुणेचा अर्थ खुणेच्या आकारात नसतो. ती कोणी काढली, कुठे काढली आणि कधी काढली, हे कळल्याशिवाय अर्थ लावायला बसणे म्हणजे सही न पाहता पत्राचे उत्तर लिहिण्यासारखे आहे.

आपल्या वाचकांना ही गोष्ट खरे तर नवी वाटू नये. ज्यांनी शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी आणि विष्णु नारायण भातखंड्यांची स्वरलिपी यांतला फरक चांगला आठवत असेल. पलुसकर पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब आले की तो मंद्र सप्तकातला, आणि डोक्यावर उभी रेघ आली की तार सप्तकातला. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचे टिंब तार सप्तकाचे आणि पायाखालचे मंद्राचे. म्हणजे षड्जाच्या डोक्यावरचे तेच टिंब एका वहीत खर्जात उतरायला सांगते आणि दुसऱ्या वहीत तारसप्तकात चढायला. समेची आणि खालीची चिन्हेही अशीच वेगळी. त्यामुळे आपल्याकडे कोणी नुसते ‘या टिंबाचा अर्थ काय’ असे विचारले, तर कोणताही गुरुजी आधी ‘पुस्तक कोणते’ असे विचारील. पाश्चात्त्य पान समोर आले की मात्र आपण हा प्रश्न विसरतो, कारण पाच रेघा सगळीकडे सारख्याच दिसतात आणि त्यामुळे खुणाही सारख्याच असणार, असे आपण गृहीत धरतो.

आता टिंब आणि पाचर, म्हणजे जुन्या पानांवरची उभी रेघ, यांच्याकडे वळते. १७५२ मध्ये योहान योआखिम क्वांट्झ याने बासरीवादनावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव बासरीचे असले तरी त्यात वाद्यवृंदातील तंतुवादकांसाठी भरपूर सूचना आहेत. उभ्या रेघा असतील तर स्वर एकमेकांपासून पूर्ण तोडावेत आणि टिंबे असतील तर गज छोटा ठेवून स्वर धरून वाजवावेत, असा स्पष्ट फरक तो सांगतो. पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याचा कळवाद्यांवरचा ग्रंथ आला. त्याचे म्हणणे असे की तुटक स्वरांसाठी रेघ काढा किंवा टिंब काढा, दोन्ही एकच. आपण टिंब निवडले ते एवढ्यासाठी की उभी रेघ बोटांच्या क्रमांकातील १ या आकड्यासारखी दिसते आणि विद्यार्थ्याचा गोंधळ होतो. हे दोघेही प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पदरी होते. एक राजाचा बासरीगुरू, दुसरा राजाच्या बासरीला साथ करणारा. एकाच दरबारात, एका वर्षाच्या अंतराने, एकाच खुणेबद्दल ही दोन मते आहेत. मग दोनशे वर्षांच्या आणि पाच-सहा देशांच्या संगीताला एक चौकट कशी पुरेल?

तिसरा साक्षीदार व्हायोलिनवाल्यांना सर्वांत जवळचा, तो म्हणजे लिओपोल्ड मोझार्ट. त्याची व्हायोलिनची शिक्षणपोथी १७५६ मध्ये आउग्सबुर्गला छापली गेली. त्याच वर्षी त्याचा मुलगा वोल्फगांग जन्मला. ज्या स्वरांवर उभ्या रेघा आहेत ते प्रत्येकी वेगळ्या गजाने आणि सुटे वाजवावेत, असे तो सांगतो. पण त्याची खरी मोलाची सूचना आहे ती कमानीखालच्या खुणांविषयी. एका कमानीखाली, म्हणजे स्लरखाली, काही स्वर आहेत आणि त्या स्वरांवर टिंबे आहेत, तर ते सगळे एकाच गजात घ्यायचे आणि प्रत्येक स्वरावर गजाचा किंचित दाब देऊन ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील एवढेच करायचे. कमानीखाली टिंबांऐवजी छोट्या उभ्या रेघा असतील, तर मात्र प्रत्येक स्वराला गज उचलायचा. ही सूचना मी इतकी वाढवून सांगते आहे, याचे कारण ती आमच्यासारख्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांच्या रोजच्या जेवणातली आहे. अठराव्या शतकातील संथ चलनाच्या भागांत दुसरे व्हायोलिन आणि व्हियोला यांच्या वाट्याला बहुधा काय येते, तर एकाच स्वराचे आठ-आठ क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर), वर कमान आणि कमानीत टिंबे. आजच्या सवयीचा वादक टिंबे पाहतो आणि स्वर खडखडीत तोडतो. पाहिजे असते ती झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी हलकी उठबस, जिच्यावर पहिल्या व्हायोलिनची सुरावट निवांत पडून राहते. मी स्वतः पहिली पाच-सहा वर्षे ही टिंबे चुकीची वाजवली आणि मला कोणी टोकले नाही, कारण शेजारच्या स्टँडवरचेही तसेच वाजवत होते.

पाचरेचे आणखी एक काम आहे, ज्याचा आपल्या चौकटीत उल्लेख नाही. समजा, सोळाव्या भागाच्या चार स्वरांचा गट आहे, पहिल्या दोनांवर कमान आहे आणि उरलेल्या दोनांवर उभ्या रेघा आहेत. अशा ठिकाणी रेघ पुष्कळदा एवढेच सांगते की कमान इथे संपली, हे दोन स्वर आता सुट्या गजांनी घ्या. ते किती आखूड असावेत, याबद्दल ती काहीच म्हणत नाही. चौकटीप्रमाणे त्यांना अतितुटक केले, तर सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो आणि सुरावटीची ओळ मोडते. आणि तीच रेघ एखाद्या लांब, चार मात्रांच्या स्वरावर आली तर? लांब स्वर अतितुटक कसा वाजवणार? तिथे ती बहुधा जोर सांगते, सुटेपण नव्हे.

खुद्द वोल्फगांग मोझार्टच्या हस्ताक्षरात टिंब कुठे संपते आणि रेघ कुठे सुरू होते, हे ठरवणे हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. टोकदार पिसाने घाईत लिहिताना टिंबाला शेपूट फुटते आणि रेघ आखडून टिंब होते. जर्मनीतील संगीत-संशोधकांच्या संस्थेने १९५४ मध्ये याच प्रश्नावर बक्षीस लावले: मोझार्टच्या लेखनात पाचर, रेघ आणि टिंब यांचा अर्थ काय? त्यातून निवडलेली उत्तरे १९५७ मध्ये कासेलला पुस्तकरूपाने आली. उत्तरे पाच होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. एका प्रश्नाला पाच विद्वानांची पाच उत्तरे मिळाली, याचे मला पहिल्यांदा हसू आले होते. आता वाटते की ते पुस्तक प्रामाणिक आहे.

लेखणीनंतर पान जाते छपाईकडे. त्या काळी संगीत मऊ धातूच्या पत्र्यावर कोरले जाई आणि खुणा ठशांनी ठोकल्या जात. कोरणाऱ्याच्या पेटीत जो ठसा असेल, तो उमटे. रचनाकाराने टिंब लिहिले की रेघ, याची चिंता त्याने करावी अशी अपेक्षा फारशी नव्हती, आणि नकलनवीसही आपापल्या हाताच्या वळणाने लिहीत. बेटोफन, म्हणजे आपण ज्याला बीथोव्हन म्हणतो, याला याचा किती मनस्ताप होता, हे त्याने १८२५ च्या ऑगस्टमध्ये कार्ल होल्झला लिहिलेल्या पत्रावरून कळते. होल्झ हा व्हिएन्नातील शुपान्झिक याच्या चार तंतुवादकांच्या चौकडीतला दुसरा व्हायोलिनवादक. चार तंतुवाद्यांसाठीच्या आपल्या ए मायनर चौकडी या रचनेच्या पार्टांच्या नकला तपासताना बेटोफन त्याला बजावतो की जिथे स्वरावर टिंब आहे तिथे रेघ चालणार नाही आणि जिथे रेघ आहे तिथे टिंब चालणार नाही. गंमत अशी की बेटोफनची तुटक स्वरासाठीची नेहमीची खूण रेघच होती. टिंबे तो मुख्यतः कमानीखाली काढी. म्हणजे जो भेद तो इतक्या तळमळीने जपत होता, तो लिओपोल्ड मोझार्टने सत्तर वर्षांपूर्वी सांगितलेल्या भेदाच्या फार जवळचा होता. पण छापील पानावर तो उतरला की नाही, हे कोरणाऱ्याच्या मर्जीवर.

नागमोडी रेघेची कथा याहून मजेदार आहे. चौकटीत ती डाव्या हाताच्या खात्यात टाकली आहे. १६२७ मध्ये ड्रेस्डेन येथे कार्लो फारिना या व्हायोलिनवादकाने प्रसिद्ध केलेल्या एका रचनेत मांजर, कुत्रा, कोंबडी यांच्या नकलांबरोबर ‘ट्रेमोलो’ही आहे, आणि तो कसा करायचा हे त्याने लिहून ठेवले आहे: गज धरलेल्या हाताचे मनगट थरथरवायचे, ऑर्गनमधील आवाज हलवणाऱ्या यंत्रणेसारखे. म्हणजे कंप आहे, पण उजव्या हाताचा. १६९१ मध्ये लंडनला हेन्री पर्सेल याने ‘किंग आर्थर’ या नाट्यासाठी जे संगीत केले, त्यात बर्फातून उठवलेला थंडीचा देव गारठून कुडकुडत गातो. तिथे गायकाच्या आणि तंतुवाद्यांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरांवर नागमोडी रेघा आहेत. त्या स्वरांचे तुकडे नेमके किती आणि कसे करायचे, यावर आजही वादक भांडतात. पण ते कुडकुडणे गजाने येते, बोटाने नाही, याबद्दल भांडण नाही. डाव्या हाताची बोटे हलवून त्याला गोडवा आणला, तर थंडी वाजणारा माणूस प्रेमगीत गातो आहे असे ऐकू येईल.

आता या रेघेला सुमारे दोनशे वर्षांनी पुन्हा भेटा. जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर याची व्हायोलिनची शिक्षणपोथी १८३२ च्या सुमारास आली. तिच्यात नागमोडी रेघ खरोखरच डाव्या हाताच्या कंपासाठी वापरली आहे, आणि कंप जलद, संथ, वाढत जाणारा की मंदावत जाणारा, हे रेघेच्या वळणांच्या दाटीवरून दाखवले आहे. म्हणजे आपल्या लेखकांची चौकट श्पोरच्या बाबतीत बरोबर आणि फारिना किंवा पर्सेलच्या बाबतीत हाताचीच अदलाबदल करणारी. इथे हेही सांगायला हवे की श्पोरच्या दृष्टीने कंप हा जागोजागी वापरायचा अलंकार होता, म्हणून तर त्याला खूण लागली. जो वादक प्रत्येक स्वरावर कंप करतो, त्याला अशी खूण दिसली की तो गोंधळतो, कारण त्याच्या मते ती आधीच चालू आहे.

गजाच्या दिशेच्या खुणांबद्दल लेखात एक वाक्य आहे, तेही अपुरे. आज चौकोनी दाराची खूण म्हणजे गज खाली ओढणे आणि इंग्रजी व्ही म्हणजे वर ढकलणे, हे शाळकरी पोरही सांगते. पण जुन्या फ्रेंच पानांवर याच जागी ‘टी’ आणि ‘पी’ ही अक्षरे येतात. ‘टिरे’ म्हणजे ओढा आणि ‘पुसे’ म्हणजे ढकला. हा ‘पी’ ज्याने ‘पियानो’ समजून हळू वाजवला, त्याला मी प्रत्यक्ष पाहिले आहे. तो माझ्याच स्टँडवर बसायचा. एकोणिसाव्या शतकातील काही आवृत्त्यांत या दोन्ही खुणा उलट्या करून, म्हणजे दार तळाकडून बंद आणि व्ही डोके वर केलेला, अशाही छापल्या आहेत. असा उलटा व्ही स्वरावर दिसला की तो वरचा गज आहे की जोराची खूण, हे एकट्या खुणेकडे पाहून कधीच सांगता येणार नाही. आजूबाजूला पाहावे: गजाची खूण सहसा वाक्याच्या सुरुवातीला किंवा लागोपाठ दोन सारख्या गजांच्या जागी येते, आणि जोराची खूण सगळ्या वाद्यांच्या पार्टांत एकाच वेळी येते. ट्रम्पेटच्या पार्टातही तीच खूण असेल, तर ती गजाची नाही, एवढे तर नक्की.

बाकीच्या किरकोळ खुणा भराभर सांगते. ओळीच्या अगदी शेवटी, स्वर संपल्यावर, शेपूट असलेली एक वळवळ दिसते. तो अलंकार नाही, पुढच्या ओळीचा पहिला स्वर कोणत्या रेघेवर आहे हे आधीच दाखवणारा पहारेकरी आहे, आणि लॅटिनमधले त्याचे नावही पहारेकरी असेच आहे. जुन्या फ्रेंच आणि इंग्रज छपाईत क्रॉचेटचा, म्हणजे एका मात्रेचा, विराम हा क्वेव्हरच्या विरामाचा आरशातला चेहरा असतो. तो डावीकडे पाहतो की उजवीकडे, हे न पाहणारा वादक अर्धी मात्रा आधीच घुसतो, आणि शांततेत एकट्याने घुसल्याचा अनुभव एकदा घेतला की माणूस पुन्हा चुकत नाही. रेघांमधले जाड उभे ठोकळे म्हणजे दोन किंवा चार आवर्तने गप्प बसा. अधिकाची खूण आज डाव्या हाताने तार छेडायला सांगते. जुन्या फ्रेंच संगीतात ती बहुधा ट्रिलची, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांच्या जलद आलटापालटीची. चेलोच्या पार्टात गोलाला खाली दांडी असली की अंगठा, आणि जवळपास तसाच गोल वर दांडी घेऊन आला की तार इतकी ओढून सोडायची की ती पट्टीवर आपटेल. पण ही दुसरी खूण हंगेरीचा रचनाकार बार्टोक याच्या १९२८ च्या चौथ्या चौकडीपासूनची, त्यामुळे अठराव्या शतकातल्या हायडनच्या चेलोवादकाने ती पाहिली असण्याची शक्यता नाही. साल माहीत असण्याचा हा साधा उपयोग.

हस्ताक्षराने घातलेला सर्वांत प्रसिद्ध घोळ शूबर्टचा. उजवीकडे निमुळती होत जाणारी आडवी खूण छोटी असेल तर जोर, आणि लांब असेल तर आवाज हळूहळू कमी करणे. शूबर्ट जोराची खूणही लांबलचक काढी. त्याची सी मेजरमधील मोठी सिंफनी संपते तो शेवटचा स्वर सगळा वाद्यवृंद मिळून वाजवतो, आणि त्या स्वरावर अशी एक खूण आहे. जुन्या छापील आवृत्तीने ती लांब धरली, आणि मग इतका वेळ गर्जत आलेली सिंफनी शेवटच्या स्वरावर विझत जाताना पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली. नंतरच्या अभ्यासकांनी ती जोराची मानली. दोन रेघा कागदावर किती सेंटिमीटर चालल्या, यावर एका तासाच्या संगीताचा शेवट ठरतो.

इथपर्यंत मी रचनाकार, नकलनवीस आणि छापणारा यांच्या खुणा सांगितल्या. त्यांच्यावर संपादकाचा थर चढतो. लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक फर्डिनांड डाव्हिड याने एकोणिसाव्या शतकात कितीतरी जुने संगीत आपल्या गजाच्या खुणांसह छापले, आणि त्या खुणा आजही अनेकजण मूळच्या समजून वाजवतात. डाव्हिडला मी दोष देणार नाही, कारण १८४३ मध्ये योहान सेबास्टियन बाखच्या एकट्या व्हायोलिनच्या रचना छापताना त्याने आपल्या खुणांच्या ओळीसोबत मूळ पाठाची वेगळी ओळही दिली होती, ज्याला स्वतःच्या खुणा करायच्या असतील त्याच्यासाठी. ही शिस्त नंतरच्या स्वस्त पुनर्मुद्रणांनी पाळली असती, तर माझ्या बऱ्याच संध्याकाळी वाचल्या असत्या.

आणि सगळ्यांत वर असते ती पेन्सिल. हायडनच्या एका सिंफनीची प्रत आमच्याकडे आली ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. तालमीत विशीतल्या एका मुलीने मला विचारले, “काकू, हा कुठला अलंकार? दोन शून्यं आहेत आणि मध्ये दांडी.” तो चष्मा होता. संचालकाकडे बघा, इथे गती बदलते, हे स्वतःला आठवावे म्हणून जगभरचे वाद्यवृंदातले लोक पानावर चष्मा काढतात. मूळ पानावर तो शिसाचा राखाडी असणार. झेरॉक्समध्ये तो छपाईइतकाच काळा झाला होता, आणि तिने तो आदराने छापील समजला होता. तिचे काही चुकले नव्हते.

दुसऱ्या एका प्रसंगी मात्र हसण्यासारखे काही राहिले नाही. एका जुन्या पार्टात एका जागी रोमन लिपीत ‘व्ही-आय’ ही अक्षरे आणि पुढच्या पानावर ‘डी-ई’ ही अक्षरे होती. ‘व्हिडे’ म्हणजे ‘पाहा’ या लॅटिन शब्दाचे हे दोन तुकडे आहेत. पहिल्या तुकड्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारा, मधला भाग गाळा, असा त्याचा अर्थ. आमच्यातल्या बहुतेकांनी पहिला तुकडा ‘व्हायोलिन’चा संक्षेप समजला आणि दुसरा कुठल्या तरी फ्रेंच नावाचा. कार्यक्रमाच्या आदल्या तालमीत दुसऱ्या व्हायोलिनच्या चार स्टँडांपैकी एकाने उडी मारली आणि तीन सरळ चालत राहिले. सुमारे वीस आवर्तने दोन वेगळे तुकडे एकाच वेळी वाजत होते आणि प्रत्येकाला आपणच बरोबर वाटत होतो. पार्ट सांभाळण्याचे काम माझे, तेव्हा चूक माझी.

यावरून माझी एक विनंती आहे, ती ज्यांच्या घरी अशी पाने आहेत त्यांना. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले गेले. त्यांतले कितीतरी वादक पुढे मुंबईला येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यापैकी सर्वांना ठाऊक असलेले नाव. अशा घरांतल्या माळ्यांवर, पेट्यांत, पियानोच्या स्टुलाखाली जुने पार्ट अजून निघतात. ते स्वच्छ करण्याच्या उत्साहात पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. त्यांवरचा गज, बोटांचे आकडे, शेवटच्या पानावर लिहिलेली तारीख आणि वाजवायला लागलेली मिनिटे, यांतले प्रत्येक अक्षर कुणीतरी तालमीत शिकून लिहिलेले असते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने आपल्या संग्रहातली खुणांनी भरलेली पाने २०११ पासून इंटरनेटवर सर्वांना पाहण्यासाठी ठेवली आहेत, तीही त्या खुणांसकट. छायाचित्र काढायचे तर रंगीत काढावे. काळ्या-पांढऱ्यात शिसपेन्सिल, संचालकाची निळी पेन्सिल आणि छपाईची शाई यांत फरक उरत नाही. मुखपृष्ठ सोडू नये. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मधोमध जो आकडा असतो, तो पृष्ठक्रमांक समजून कापू नये. तो कोरलेल्या पत्र्याचा क्रमांक असतो. जुने प्रकाशक साल बहुधा छापत नसत. या क्रमांकावरूनच प्रत कोणत्या काळातली हे ताडून पाहता येते.

आपल्या लेखासोबतच्या छायाचित्रात दुसऱ्या ओळीवर जी नागमोडी रेघ दिसते, तिचा अर्थ लेखकांनी ‘बोटाचा कंप’ असा दिला आहे. ते खरे असू शकेल. रेघेखालचे स्वर एकाच उंचीवर पुन्हा पुन्हा येत आहेत, त्यामुळे मला उलट ती गजाची वाटते. पण छायाचित्र चौथ्या ओळीखाली कापले आहे, वरचे नाव नाही, तळाचा क्रमांक नाही. लेखकांकडे मूळ पान असेल, तर त्यांनी तळाच्या दोन इंचांचे छायाचित्र आपल्या कार्यालयात पाठवावे आणि आपण ते माझ्यापर्यंत पोहोचवावे, म्हणजे आम्हा दोघांपैकी कोणाला आपले म्हणणे मागे घ्यायचे आहे, ते ठरवता येईल.

आपली विश्वासू,
दुसऱ्या व्हायोलिनची एक निवृत्त वादक,
दादर, मुंबई